डब्ल्यूडीजी-३ए : नवं इंजिन की जुन्याच अल्कोचा नवा अवतार?

निळजेकर

नमस्कार मंडळी. धागा रेल्वेवेड्यांसाठी आहे. बाकीच्यांनीही यावं, पण नंतर "हे काय चाललंय" म्हणू नये.

दिवा-पनवेल मार्गाच्या कडेला ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना डिझेल मालगाडीची ओळख करून द्यायला नको. जेएनपीटीकडून आलेली कंटेनर गाडी निळज्याच्या अलीकडे उभी, पुढे दोन इंजिनं. सिग्नल पडला की आधी नुसती घरघर, मग आभाळात काळा लोट, आणि मग एकेक वाघीण ताणली जाऊन खण-खण-खण करत आवाज मागे मागे जायचा. खिडकीच्या काचा वाजायच्या. आता वर तारा आहेत. विजेचं इंजिन बारीक सूर लावून निघून जातं, कळतही नाही. परवा भाच्याने विचारलं, "मामा, डिझेलची मालगाडी पण असते?" पोरगा डोंबिवलीत वाढलाय, बोला!

तर विषय असा. त्या काळात इथे दिसणाऱ्या इंजिनांत डब्ल्यूडीजी-३ए वर्गाची भरपूर होती. माझं मत: हे नवं इंजिन नव्हतंच. १९६२ साली अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून डब्ल्यूडीएम-२ आलं, १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनायला लागलं, आणि तेच तीस वर्षांनी थोडी ताकद वाढवून, नाव बदलून मालगाडीला जुंपलं. खुद्द अल्कोने १९६९ मध्येच इंजिनं बनवणं बंद केलं होतं. म्हणजे ज्या कंपनीचा कारखाना कधीच बंद झाला, तिचं इंजिन आपण १९९५ मध्ये नवं म्हणून आणलं.

जाणकारांनी सांगावं, हा वर्ग खरंच काही वेगळा होता का? आणि ती सगळी इंजिनं गेली कुठे?

खडखडाट

भंगारात. धागा संपला. चहा घ्या.

घणसोलीचा_गण्या

@खडखडाट, तुमचा आयडी बघता भंगाराचा अनुभव दांडगा दिसतोय.

नॉच_आठ

निळजेकर, वंशावळ तुम्ही नीट सांगितलीत, पण निष्कर्ष घाईचा आहे.

१९९५ मध्ये हे इंजिन आलं तेव्हा नाव होतं डब्ल्यूडीजी-२. पुढे नामकरणाची पद्धत बदलली आणि त्याचं डब्ल्यूडीजी-३ए झालं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी डिझेल, जी म्हणजे गुड्स, ३ म्हणजे तीन हजार अश्वशक्ती आणि ए म्हणजे वर आणखी शंभर. एकूण ३१००. डब्ल्यूडीएम-२ होतं २६०० चं. दोन्हींत सोळा सिलिंडरचं अल्को २५१ जातीचंच यंत्र, हे मान्य.

पण आकडे शेजारी ठेवून बघा. डब्ल्यूडीएम-२ चं वजन ११२.८ टन, वेग १२०. डब्ल्यूडीजी-३ए चं १२३ टन, वेग १००. गिअर १८:६५ वरून १८:७४ केले. म्हणजे वेग मुद्दाम सोडला आणि ओढ घेतली. गाडी हलवतानाची ओढ ३०.४५ टनांवरून ३७.९ टनांवर गेली. जवळपास पाव हिश्श्याने जास्त! याला नुसतं नाव बदलणं म्हणत नाहीत.

कोपरखैरणेकर

इंजिनातलं काही कळत नाही, पण धागा आवडला. दोन भोळे प्रश्न. नॉच म्हणजे काय? आणि पुढे दोन इंजिनं असली की दोन ड्रायव्हर असायचे का?

नॉच_आठ

@कोपरखैरणेकर, नॉच म्हणजे थ्रॉटलच्या पायऱ्या. एक ते आठ. आठवी म्हणजे पूर्ण ताकद, माझा आयडी त्यावरूनच. आणि नाही, दोन्ही इंजिनं केबलने जोडलेली असतात. पुढच्या कॅबमधला लोको पायलट जे करेल तेच मागचं इंजिन करतं. मागच्या कॅबमध्ये कुणी नसतं.

घणसोलीचा_गण्या

आमच्या ऑफिसात पण अशीच व्यवस्था आहे. पुढच्या केबिनमधला जे करेल तेच मागचे करतात, आणि केबिनमध्ये कुणी नसतं.

शेडमामा

मी एका डिझेल शेडमध्ये, म्हणजे इंजिनांची देखभाल होते तिथे, नोकरी केली, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. कुठलं शेड ते विचारू नका, जुने साहेब लोक अजून वाचत असतात.

नॉच_आठ यांनी आकडे दिलेत, त्यामागचं कारण मी सांगतो. सगळे लोक अश्वशक्तीवर बोलतात. मालगाडीला पहिल्या शंभर मीटरमध्ये अश्वशक्ती लागतच नाही. लागते ती पकड. चाक रुळावर धरलं तर गाडी हलणार, नाही तर चाक जागेवर फिरणार. आणि धरणं अवलंबून आहे चाकावर किती भार आहे त्यावर.

आता गंमत बघा. इंजिन गाडी ओढतं तेव्हा ओढ असते कपलरवर (गाडी जोडायच्या आकड्यावर), म्हणजे रुळापासून साधारण मीटरभर उंच. चाकं जोर लावतात खाली, रुळावर. त्यामुळे जोर लावला की इंजिन मागे बसायला बघतं, पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो. गावाकडच्या माणसाला लगेच कळेल: बैलगाडीत मागे जास्त माल भरला की उलाळ होते, जू वर उचललं जातं. तसंच. पुढचं चाक हलकं झालं की तेच आधी घसरतं. घसरलं की रिले ताकद कापतो, ड्रायव्हर पुन्हा नॉच घेतो, पुन्हा घसरतं. पावसात तर विचारूच नका.

डब्ल्यूडीएम-२ ला जुनी ट्रायमाउंट बोगी होती. बोगी म्हणजे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा. डिझेलचं यंत्र वीज बनवतं आणि चाकं फिरवतात त्या बोगीतल्या मोटरी. तीन मोटरींपैकी एकीचं तोंड उलट दिशेला, धुऱ्यांमधली अंतरंही सारखी नाहीत. भार आणखीच वाकडातिकडा व्हायचा. डब्ल्यूडीजी-३ए ला बोगीच वेगळी दिली, शेडमध्ये आम्ही तिला हाय अ‍ॅडेशन म्हणायचो. तिन्ही मोटरींची तोंडं एकाच बाजूला, स्प्रिंगची व्यवस्था दोन टप्प्यांची. वर दहा टन वजन मुद्दाम वाढवलं. शेडमध्ये वजन वाढवलेलं इंजिन पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमचे फोरमन म्हणाले होते, "हे लेकाचं जेवून आलंय."

आता निळजेकरांच्या मुद्द्याला उत्तर. डब्ल्यूडीएम-३ए नावाचं भावंड होतं. तेच ३१०० अश्वशक्तीचं यंत्र, पण बोगी जुनी ट्रायमाउंट आणि वजन जुनंच. त्याची सुरुवातीची ओढ किती? ३०.४५ टन. डब्ल्यूडीएम-२ एवढीच! पाचशे अश्वशक्ती वाढवून हलवण्याच्या ताकदीत शून्य फरक. फरक पडला तो बोगी, वजन आणि गिअर बदलल्यावर. त्यामुळे यंत्र जुनं होतं हे खरं, पण मालगाडीचं इंजिन यंत्रावर ठरत नाही.

कोपरखैरणेकर

मामा, दंडवत. वाखुसा (वाचनखूण साठवली).

खडखडाट

"जेवून आलंय" 😂 आजपासून वजन वाढल्याबद्दल कुणी बोललं की सांगणार, पकड वाढवतोय.

पारसिक

शेडमामांबद्दल आदर आहे, पण इथे थोडं अल्कोप्रेम उतू जातंय. १९९५ मध्ये ३७.९ टनांचं कौतुक. १९९९ मध्ये काय आलं? जनरल मोटर्सचं डब्ल्यूडीजी-४. ४००० अश्वशक्ती, २००२ पासून वाराणसीतच बनायला लागलं. वजन १२६ टन, म्हणजे फक्त तीन टन जास्त. आणि ओढ ५० टनांच्या वर! मग वजन आणि बोगीचं एवढं काय? खरी करामत थ्री-फेज एसी मोटरींची आणि त्यांच्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या संगणकाची. चाक घसरायच्या बेतात आलं की तेवढ्याच बोगीचा जोर बारीक करतं, सगळी ताकद कापत नाही.

आणि तो काळा लोट, ज्याची सगळ्यांना आठवण येतेय? तो दोष आहे दोष. अल्कोचा टर्बो, म्हणजे यंत्रात हवा कोंबणारा पंखा, फक्त एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो. नॉच वाढवला की डिझेल लगेच वाढतं, पण टर्बोने वेग घेऊन हवा पुरवेपर्यंत वेळ जातो. तेवढ्यात न जळलेलं डिझेल काळं होऊन बाहेर. जीएमच्या इंजिनात टर्बोला सुरुवातीला गिअरने फिरवतात, म्हणून त्याचा धूर कमी. ते टू-स्ट्रोक आहे, आवाजही वेगळा.

निळजेकर

@पारसिक, दोष असेल, पण रात्री तो धुराड्यातून उडणाऱ्या ठिणग्यांसकट बघितलाय का कधी?

शेडमामा

ठिणग्या कशाने येतात सांगू? इंजिन तासन्‌तास आयडलवर घरघरत उभं राहिलं की न जळलेलं तेल एक्झॉस्टमध्ये साठतं. मग एकदम नॉच घेतला की ते पेटतं. रात्री दिवाळी दिसते, पण शेडमध्ये दुसऱ्या दिवशी आम्हाला शिमगा.

पारसिकराव, थ्री-फेजबद्दल तुमचं सगळं मान्य. पण इंजिन नुसतं चांगलं असून भागत नाही, ते शेडला सांभाळता यायला हवं. १९९५ मध्ये देशभरच्या डिझेल शेडमध्ये तीस वर्षं अल्कोवर हात बसलेली माणसं होती. पिस्टन, लायनर, हेड, टर्बो, सगळ्याचे सुटे भाग इथेच बनत होते. मोटरी भेल या सरकारी कंपनीच्या. डब्ल्यूडीजी-३ए शेडमध्ये आलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचं काम करता आलं. आमच्याकडचे एक जुने फिटर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडला आणि मूठ कानाला लावून सांगायचे, कितवा इंजेक्टर ठोकतोय. त्याच माणसाला थ्री-फेजच्या कन्व्हर्टरसमोर उभं केलं तर तो काय ऐकणार?

आणि ऐकण्यावरच चालायचं असंही नाही. ल्युब ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत जायचा. त्यात तांबं-शिसं वाढलं की बेअरिंग झिजतंय, लोखंड वाढलं की लायनर नाहीतर रिंग, सिलिका वाढली की हवेच्या फिल्टरमधून धूळ जातेय. इंजिन न उघडता आजार कळायचा. रिपोर्ट हातात आला की आमची पहिली नजर तांब्यावर.

डब्ल्यूडीएम-२ च्या मानाने आमचं एक मोठं कामही कमी झालं. जुन्याला डीसी जनरेटर होता, त्याचे कार्बन ब्रश आणि कम्युटेटर सांभाळता सांभाळता जीव जायचा. ३ए ला अल्टरनेटर आणि रेक्टिफायर. मोटरी मात्र डीसीच राहिल्या, त्यामुळे ग्राउंड रिले म्हणजे जीआर काही सुटला नाही. मोटरीत ओल गेली, इन्सुलेशन कमजोर झालं की जीआर पडतो, घंटा वाजते, इंजिन आयडलवर येतं. जुलै महिन्यात जीआर पडण्याचा सीझनच असायचा.

घणसोलीचा_गण्या

मामा, आमच्याकडे जीआर मंत्रालयातून निघतो आणि मग सगळं आयडलवर येतं. सिस्टीम सेमच दिसतेय.

आपट्याची_लेक

माझे बाबा मालगाडीचे गार्ड होते. २०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, बाबा ऐकून म्हणाले, "नाव मॅनेजर, पण डबा तोच ना?"

तुम्ही सगळे पुढून बोलताय, मी मागून सांगते. मालगाडी सुटताना पुढे तुम्हाला खणखण ऐकू येते ना, ती म्हणजे कपलरमधली ढील एकेक वाघीण करून संपत जाते. ५८ वाघिणींची ढील संपत संपत शेवटच्या ब्रेकव्हॅनपर्यंत, म्हणजे गार्डच्या डब्यापर्यंत, येते तेव्हा तिचा हिसका होतो. ड्रायव्हरने घाई केली तर गार्ड उभा असेल तर आपटतो. बाबा सांगायचे, आवाज जवळ यायला लागला की खांबाला धरायचं, चहाचा थर्मास मांडीत घ्यायचा. चांगला ड्रायव्हर कोण हे गार्डलाच कळतं.

आणि त्यांचं मत पारसिक यांच्यापेक्षा वेगळं आहे. ते म्हणतात, अल्को हळूहळू जोर घ्यायचं म्हणून गाडी सावकाश ताणली जायची. मी लहानपणी एकदाच आपट्याहून त्या ब्रेकव्हॅनमध्ये चढून बघितलं होतं, गाडी उभी असताना. लोखंडी बाक, एक कंदिलाचा हूक, बस्स. पंखा नाही, दिवा नाही, संडास नाही. इंजिनातही संडास नसायचाच.

पारसिक

@आपट्याची_लेक, बाबांचा मुद्दा रोचक आहे. पण गाडी सावकाश ताणण्याचं श्रेय टर्बोच्या आळसाला द्यायचं की ड्रायव्हरच्या हाताला? डब्ल्यूडीजी-४ वर पण चांगला हात असेल तर हिसका बसत नाही.

आपट्याची_लेक

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "त्यांना सांग, आळशी इंजिनावर वाईट हात पण खपतो."

पारसिक

😀 यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कळंबोली_कॉइल

आमचा धंदा कळंबोलीच्या लोखंड बाजारात, कॉइल आणि प्लेटची वाहतूक. मंडळींनो, आम्ही आयुष्यात कधी बघितलं नाही पुढे कोणतं इंजिन लागलंय. आमचा एकच प्रश्न, रेक (म्हणजे अख्खी मालगाडी) लागला का? रेक लागला की क्रेन, ट्रेलर, माथाडी, सगळं एकदम पळायला लागतं, आणि ठराविक तासांत रिकामा नाही केला तर डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड. डिझेल असो, वीज असो, घड्याळ तेच.

पण एक सांगतो. यार्डात तारा नव्हत्या तोवर क्रेनवाल्याचं डोकं शांत असायचं. डोक्यावर २५ हजार व्होल्ट आल्यावर लोखंड उचलायची जागा आणि तार यांचा हिशेब फार बघावा लागतो. म्हणून माल चढवायच्या-उतरवायच्या लाइनवर तार आणताना सगळेच दोनदा विचार करतात. तिथे आजही डिझेल इंजिन आलं की बरं वाटतं.

नॉच_आठ

कळंबोली_कॉइल यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. डिझेल आपल्या भागात एवढी वर्षं का टिकलं त्याचं उत्तर तारेतच आहे.

मुंबईत १९२५ पासून वीज आली ती १५०० व्होल्ट डीसी. पुढे ती पुणे-इगतपुरीपर्यंत गेली. बाकी देशात २५ हजार व्होल्ट एसी. म्हणजे बाहेरून आलेलं विजेचं इंजिन इगतपुरीला किंवा पुण्याला थांबणार, सोडणार, दुसरं जोडणार. दोन्ही विजेवर चालणारी मालगाडीची इंजिनं काढली, डब्ल्यूसीएजी-१, पण बनवली किती? १२! मुख्य मार्गावरची डीसी जाऊन एसी यायला २०१५ उजाडलं, हार्बरला २०१६. तोवर डिझेलला काय फरक पडणार? वर तार एसी असो, डीसी असो, नसो. जेएनपीटीचा माल दिवा-वसईवरून गुजरात-राजस्थानकडे जायचा आणि तिकडचे मोठे पट्टे तारेविनाच होते. म्हणून तिकडच्या वटवा शेडची ३ए आणि साबरमती शेडची डब्ल्यूडीजी-४ आपल्या दिव्याला दिसायची. इंजिनावर होम शेडचं नाव रंगवलेलं असतं, आम्ही पोरं पुलावर बसून तेच वाचायचो.

दुसरा पट्टा कोकण रेल्वे. १९९८ ला मार्ग पूर्ण सुरू झाला, १९९९ ला कोलाड-वेर्णा रो-रो. भरलेले ट्रक वाघिणींवर चढवायचे आणि पुढे डिझेल. लांब बोगद्यांत धूर कोंडू नये म्हणून मोठे पंखे बसवावे लागले, करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा. तिथे ७४१ किलोमीटरचं विद्युतीकरण पूर्ण झालं २०२२ मध्ये.

खडखडाट

रो-रोचं नाव निघालं म्हणून. आमचे काका ट्रकवाले, ट्रकसकट रो-रोवर चढले आणि रात्रभर स्वतःच्या केबिनमध्ये झोपून गोव्याला पोचले. घरी येऊन सांगतात, "आयुष्यात पहिल्यांदा मी झोपलो आणि ट्रक चालत होता, आणि कुणी शिव्या दिल्या नाहीत."

कोपरखैरणेकर

काका भारी. अवांतर: दिव्याला पुलाखाली वडापाव मिळायचा तो अजून आहे का?

घणसोलीचा_गण्या

आहे. चटणी पूर्वीसारखी नाही.

आपट्याची_लेक

चटणी कधीच पूर्वीसारखी नसते.

निळजेकर

वडापाववर वेगळा धागा काढा रे बाबांनो. माझा दुसरा प्रश्न अजून अर्धवट आहे. इंजिनं गेली कुठे? खडखडाटांचं "भंगारात" सोडून कुणी नीट सांगेल का?

नॉच_आठ

सांगतो. डिझेल इंजिनाचं ठरलेलं आयुष्य ३६ वर्षांचं. मध्ये अठराव्या वर्षाच्या सुमारास पटियाळ्याच्या कारखान्यात पूर्ण उघडून नव्याने बांधायचं. या हिशेबाने १९९५ ची पहिली डब्ल्यूडीजी-३ए २०३१ पर्यंत चालायला हवी. आणि हा वर्ग पुढे कितीतरी वर्षं बनत राहिला, म्हणजे शेवटच्या इंजिनांचं तर अर्धं आयुष्यही संपलेलं नाही. पण रेल्वेने सगळे ब्रॉडगेज मार्ग विजेवर न्यायचं ठरवलं आणि इंजिनांचं वय होण्याआधी कामच संपलं.

मग एक अजब प्रयोग झाला. २०१८ मध्ये वाराणसीत दोन डब्ल्यूडीजी-३ए घेतली, आतलं डिझेलचं यंत्र काढलं, वर तारेतून वीज घेणारा पेंटोग्राफ बसवला आणि दोन्ही कायमची जोडून १० हजार अश्वशक्तीचं विजेचं इंजिन केलं. काम ६९ दिवसांत झालं. फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांनी त्याला हिरवा झेंडा दाखवला. पण पुढे ती वाट फार चालली नाही. ज्या कारखान्याने डिझेल इंजिनं घडवली तोच आता विजेची बनवतो, २०२० मध्ये नावातलं डिझेलही गेलं, बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झालं. डिझेल शेडांतही बऱ्याच ठिकाणी आता विजेची इंजिनं सांभाळतात.

बाहेरच्या देशांना काही अल्को गेली. २०२० मध्ये बांगलादेशला दहा दिली, पण ती डब्ल्यूडीएम-३डी, म्हणजे चुलत भाऊ. बाकीची काही यार्डात शंटिंग करतात, काही अपघात मदत गाडीसाठी राखून ठेवतात, काही भंगाराच्या लिलावात. खडखडाट अगदीच चुकले नव्हते.

खडखडाट

धन्यवाद. माझा पहिला प्रतिसाद धाग्याला पिन करावा.

पारसिक

एक राहिलं. डिझेलकडे शेवटचा एक हुकमाचा पत्ता होता, डबल स्टॅक कंटेनर. एकावर एक दोन डबे ठेवले की नेहमीच्या उंचीच्या तारेखालून जात नाहीत. २००६ मध्ये पिपावावहून जयपूरकडे डबल स्टॅक सुरू झाली ती डिझेलवर, कारण मार्गावर तारच नव्हती. पण पश्चिमेच्या समर्पित मालवाहू मार्गावर तारच साडेसात मीटर उंच घेतली. दुमजली कंटेनर आता विजेवर जातात. तो पत्ताही गेला.

आणि तरी सरकारने २०१५ मध्ये बिहारच्या मढौऱ्यात हजार नव्या डिझेल इंजिनांचा करार केला, ४५०० आणि ६००० अश्वशक्तीची. एकीकडे सगळीकडे तार, दुसरीकडे हजार डिझेल. हे कुणी मला समजावून सांगा.

शेडमामा

पारसिकराव, तार तुटली, सबस्टेशन बसलं, सीमेवर काही झालं, तर ओढायला काहीतरी हवंच. हजार हवीत का, हा वेगळा वाद, त्यात मी पडत नाही. पण मढौऱ्याची इंजिनं उभी राहिली असती आणि अल्को धावली असती असं तुम्हाला वाटत असेल तर नाही. एक साधा हिशेब: अल्को नुसतं उभं असलं तरी तासाला पंचवीसेक लिटर डिझेल पितं. बंद करावं तर सुरू करायला बॅटरी साथ देईल की नाही ही भीती, म्हणून ड्रायव्हर बंद करायचाच नाही. नंतर काहींना छोटं सहायक यंत्र बसवलं, ते तासाला तीनेक लिटरवर बॅटरी आणि हवेचं प्रेशर सांभाळतं. कल्पना उत्तम होती, पण वीस वर्षं आधी यायला हवी होती. सिग्नलला रात्रभर घरघरत उभ्या राहिलेल्या गाड्यांचं डिझेल मोजलं असतं तर निळजेकरांच्या काचा वाजवायला केवढा खर्च आला ते कळलं असतं.

निळजेकर

मामा, काचांचं बिल माझ्या नावावर नको! बोगीचं तुमचं स्पष्टीकरण जबरदस्त. तरी माझं म्हणणं सोडत नाही. १९९५ मध्ये बोगी बदलून जे केलं ते १९७५ मध्ये का नाही केलं? वजन वाढवायला आणि मोटरींची तोंडं फिरवायला अमेरिकेची परवानगी लागत नव्हती. वीस वर्षं आपण प्रवासी गाडीचं आणि मालगाडीचं इंजिन एकच ठेवलं.

शेडमामा

याचं उत्तर सोपं आहे. दिवसा एक्स्प्रेस आणि रात्री मालगाडी, एकच इंजिन दोन्हीला लावता येत होतं. इंजिनं कमी आणि काम जास्त, अशा काळात मिक्स्ड म्हणजे एम हे अक्षरच सोयीचं होतं. आणि एका धुरीवर वीस टनांच्या वर भार घालायचा तर खालचा रूळ, स्लीपर, पूल यांनाही तो पेलायला हवा. आधी रस्ता जड झाला, मग इंजिन.

निळजेकर

हे मात्र डोक्यात आलं नव्हतं कुणाच्या. रुळांवर कुणी लिहील का? ५२ किलोचा रूळ, ६० किलोचा रूळ वगैरे.

घणसोलीचा_गण्या

किलो कशाचे? अख्ख्या रुळाचे?

नॉच_आठ

एका मीटरचे. नवा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो. आणि त्याआधी कुणाकडे डब्ल्यूसीएजी-१ चे जुने फोटो असतील तर टाका. ३ए वर लिहिणारे शेकडो आहेत, त्या बारांकडे कुणी बघतच नाही.

आपट्याची_लेक

बाबा विचारतायत, घाटात मागून ढकलायला लागायचं तेच का? त्याच्याबद्दल त्यांना बरंच बोलायचंय. उद्या टाइप करून टाकते, आज डोळे दुखतायत.